वाईच्या आळीतला वाडा परवडतो का?

पुण्याच्या कडेला चौदाव्या मजल्यावर दोन शयनगृहांची सदनिका घ्यायला जे कर्ज काढावे लागते, पुष्कळदा त्याहून कमी रकमेत वाईच्या एखाद्या आळीत जोत्यासकट, चौकासकट, मागच्या आडासकट अख्खे घर विकायला निघालेले असते. घरून काम करण्याची सोय झाली, निवृत्तीनंतर शहर सोडण्याची गोष्ट लोक मोकळेपणी बोलू लागले, आणि अशी घरे बघायला येणारी माणसे वाढली. त्यांत चाळिशीची जोडपी आहेत, पेन्शनवर आलेले शिक्षक आहेत, परदेशातून कायमचे परतलेलेही आहेत. दिंडी दरवाजातून आत पाऊल टाकले की सागवानी खांब दिसतात, वर सज्जा दिसतो, चौकात उन्हाचा तुकडा उतरलेला असतो. त्यावर किंमत ऐकली की निर्णय झाल्यातच जमा.

मला त्यांना त्या क्षणी थोडे थांबवायचे आहे. जुने घर घेऊ नका असे सांगायला मी बसलेलो नाही. ती घरे राहावीत, त्यांत माणसे राहावीत, असे मला मनापासून वाटते. पण जुने घर स्वस्त का आहे हे कळल्याशिवाय ते स्वस्त आहे असे मानू नये. घाटावरच्या गावांत आणि कोकणात अशी घरे बघत, सुतार-गवंड्यांशी आणि दस्त करून देणाऱ्या वकिलांशी बोलत हिंडताना माझे मत पक्के होत गेले, की वाडे वाळवीने पडले त्याहून जास्त वाटणीने पडले. किंमत उतरलेली असते ती बहुतेक वेळा भिंतीमुळे नव्हे, कागदामुळे.

वाईच घेऊ. कृष्णाकाठी एकामागोमाग एक घाट, १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी बांधवलेला ढोल्या गणपती, पलीकडे मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथले, म्हणून मराठी विश्वकोशाचे कामही इथून चालले. सरदार, सावकार, वैदिक, व्यापारी अशांची घरे इथे दाटीने उभी राहिली. पुढच्या पिढ्या शिकल्या आणि पुण्या-मुंबईला, मग त्याही पलीकडे गेल्या. घराला कुलूप लागले, पण मालकी कुणाची संपली नाही. ती फक्त वाढत गेली.

गावठाणातल्या घराचा मूळ कागद म्हणजे मिळकत पत्रिका, ज्याला सगळे प्रॉपर्टी कार्ड किंवा सिटी सर्व्हेचा उतारा म्हणतात. घरपट्टीची पावती नव्हे, विजेचे बिल नव्हे. कर कोणाकडून घ्यायचा एवढेच नगरपालिका नोंदवते. मालक कोण हे ती ठरवत नाही. विकणारा फाईल उघडतो आणि वर चाळीस वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या काढून ठेवतो, तेव्हा त्या बाजूला सारून पत्रिका मागायची. तिच्यावर पुष्कळदा साठच्या दशकात वारलेल्या आजोबांचे नाव असते. तीन पिढ्या वारसनोंद झालेली नाही, असा त्याचा अर्थ. आजोबांना चार मुलगे आणि तीन मुली, त्यांना मुले, त्यांतले काही वारले, त्यांच्या विधवा आणि मुले वेगळी. सह्या करणाऱ्यांची यादी सहज वीस-पंचवीसवर जाते. त्यांतले कोणी इंदुरात, कोणी न्यू जर्सीत, आणि एका चुलत्याचा पत्ता कोणालाच माहीत नाही.

यात सर्वाधिक घात होतो तो बहिणींनी हक्क सोडला असे गृहीत धरल्यामुळे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्यांइतका हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो सर्व मुलींना मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हा हक्क जन्माने आहे आणि २००५ साली वडील हयात असायला हवेत अशी अट नाही. म्हणून ‘आत्यांचा काही प्रश्न नाही, त्यांनी कधीच सोडले आहे’ हे वाक्य कितीही प्रेमाने सांगितले गेले तरी त्याला किंमत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा, नाहीतर आत्यांची सही खरेदीखतावर घ्या. तिसरा मार्ग नाही.

‘मग एका भावाचा हिस्सा तेवढा घेऊ, बाकीचे पुढे बघू’ असा सल्ला देणारे मध्यस्थ आहेत. हा सल्ला सर्वांत महागात जातो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४४ सांगते, की एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने विकत घेतला तरी त्याला त्या घरात इतरांसोबत ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा लावावा. आणि दावा लावला, तर १८९३ च्या वाटणी कायद्याचे कलम ४ घरातल्या माणसाला तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला परत विकत घेण्याची मुभा देते. शिवाय हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ ने वर्ग एकच्या सहवारसांना आधी विकत घेण्याचा मान दिला आहे. पैसे गेले, घर नाही, आणि वर कोर्टाच्या तारखा, अशी ही खरेदी असते.

पत्रिकेवरचा आणखी एक रकाना लोक वाचतच नाहीत: सत्ता प्रकार किंवा धारणाधिकार. तिथे ‘ब’ असेल, तर सरकारची परवानगी घेतल्याशिवाय विक्री अडते. वाई, पैठण, नाशिक, पंढरपूर अशा क्षेत्रांच्या गावी घराखालची जागा देवस्थानाची किंवा न्यासाची निघण्याची शक्यता मोठी. सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीविना विकता येत नाही. पुजाऱ्याचे घराणे पाच पिढ्या तिथे राहत असले, तरी राहणे वेगळे आणि मालकी वेगळी.

वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यायचा, सूची क्रमांक दोन काढायची, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची, हे सगळे जण सांगतात. मी त्यात मोजणीची भर घालेन. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतल्याशिवाय जुन्या घरात पैसे घालू नयेत. दाट वस्तीत दोन घरांमधली भिंत पुष्कळदा सामाईक असते. शेजाऱ्याच्या छपराची पागोळी तुमच्या चौकात पडते, मागच्या घराची वाट तुमच्या बोळातून जाते. वीस वर्षे उघडपणे, हक्काने, विनाखंड चाललेली वहिवाट १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने हक्क बनते. नव्या मालकाने तिथे लोखंडी फाटक लावले की पहिल्याच महिन्यात शेजाऱ्याशी वैर सुरू होते, आणि कायदा शेजाऱ्याच्या बाजूने असतो.

ज्या गावांत सिटी सर्व्हे झालाच नव्हता, तिथे ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर व्यवहार होत आले. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेतून देशभर अशा मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले. तुमच्या मनातल्या गावात पत्रिका निघाली असेल, तर तिचा नकाशा प्रत्यक्ष भिंतींशी ताडून बघा. निघाली नसेल, तर निघेपर्यंत थांबणे शहाणपणाचे.

आता भाडेकरू. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांची गोष्ट यापाशी येऊन अडते. आधी १९४७ चा मुंबई भाडे कायदा, आणि ३१ मार्च २००० पासून लागू झालेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, यांनी जुन्या भाडेकरूंना संरक्षण दिले. ते त्या काळी आवश्यक होते. युद्धानंतरच्या घरटंचाईत मालकाने वाटेल तसे भाडे मागितले असते. पण भाडे जिथल्या तिथे गोठले आणि दुरुस्ती करायला मालकाला परवडेना. भाडेकरू दुसऱ्याच्या भिंतीवर खर्च कशाला करतील? दोघांच्या मध्ये वाडा खचत गेला. त्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतली किती तरी मातीची घरे पाण्यात विरघळली. आज असा वाडा विकत घेणारा भाडेकरूसकट घेतो. त्या भाडेकरूचे घरभाडे महिना दहा रुपये असले आणि तो एका खोलीत राहत असला, तरी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे तो हक्क पुढे जातो. मालकाला स्वतःच्या गरजेसाठी खोली मागता येते, पण कोणाची अडचण अधिक हे न्यायालय तोलते. भाडेकरूचा वाडा स्वतःला राहण्यासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या माणसांनाही त्या छपराखाली आयुष्य काढल्याचा हक्क आहे, आणि घराच्या ओढीपायी आलेल्या नव्या मालकाने त्यांच्याशी झगडत बसणे कोणालाच सुख देत नाही.

शनिवारवाड्याच्या आसपास आणखी एक बंधन आहे. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. दुरुस्तीलाही मंजुरी घ्यावी लागते. वाडा पाडून बांधायचा विचार असणाऱ्याला ही अडचण आहे. जुना ठेवून राहायचे असेल त्याला ती तेवढी नडत नाही, फक्त वेळ जास्त धरावा लागतो.

कागद स्वच्छ निघाले, तर मग घराकडे वळावे. तेही मान वर करून. भिंतीआधी छप्पर बघायचे असते, कारण छप्पर टिकले तर मातीची भिंतही शंभर वर्षे उभी राहते आणि छप्पर गेले की दोन पावसाळ्यांत खेळ संपतो. घाटावरच्या वाड्याचा खरा आधार म्हणजे लाकडाचा सांगाडा. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, त्यावर हस्त, तुळया, कड्या, किलच, आणि वर तक्तपोशी किंवा माती. घर किती मोठे हे खणांवर मोजत, ते याच खांबांच्या अंतरावरून. भिंती पुष्कळ ठिकाणी या सांगाड्यात भरलेल्या असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळून हजारो माणसे गेली, पण बऱ्याच ठिकाणी खणांचे लाकडी सांगाडे तसेच उभे राहिलेले तपासणाऱ्यांना आढळले. सातारा जिल्ह्याने ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का सोसला आहे. म्हणून दोन-अडीच फुटांच्या भिंतीचे कौतुक करताना ती कशात बांधली आहे हे विचारा. चुन्यात बांधलेली असेल तर उत्तम. मातीत रचलेली असेल आणि दगडाचे आतले-बाहेरचे पदर एकमेकांत गुंतवलेले नसतील, तर अभियंत्याने ती बांधून काढण्याचा उपाय सांगितल्यावरच पुढे जा.

लाकूड तपासायची रीत सुतार एका मिनिटात दाखवतात. अणकुचीदार टोचा घ्यायचा आणि दोन जागी खुपसायचा: खांबाचा पाय, जिथे तो तळखड्यावर बसतो, आणि तुळईचे टोक, जिथे ते भिंतीत शिरते. मधला भाग सगळीकडे चांगलाच दिसतो. कुजते ते ओल लागणारे टोक. टोचा अर्ध्या इंचापुढे सहज गेला, तर ती तुळई बदलावी लागणार. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या, तर वाळवी आजही आहे. वरच्या मजल्यावर न्हाणीघर कुठे केले आहे हे आवर्जून बघा. मूळ वाड्यात पाणी वर नव्हतेच. सत्तर-ऐंशीच्या दशकात सोयीसाठी लाकडी तक्तपोशीवर फरशी बसवून संडास-बाथरूम केले गेले, आणि त्याच्याखालची तुळई हटकून सडलेली सापडते.

भिंतीचे सर्वांत मोठे नुकसान प्रेमाने केलेल्या दुरुस्तीने झाले आहे. माती आणि चुना ओल शोषतात आणि उन्हात ती सोडून देतात. पावसाळाभर भिंत दमट आणि फाल्गुनात खडखडीत, हे तिचे नेहमीचे चक्र. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, वर चढते, लोणा फुटतो, गिलाव्याचे पोपडे निघतात. मग कोणीतरी पुन्हा सिमेंट चढवतो, त्यावर ऑइलपेंट. आत माती भुसभुशीत होत असते आणि बाहेरून घर नुकतेच रंगवलेले दिसते. म्हणून नव्याने रंगवलेल्या जुन्या घराबद्दल मी जास्त सावध असतो. कळकट, पण चुन्याच्या सफेदीचे घर मला अधिक विश्वासाचे वाटते. भेगांचे सांगायचे तर भेग असणे वाईट नाही, ती वाढत असणे वाईट. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवायची, तारीख लिहायची. महिना-दोन महिन्यांत काच तडकली, तर भिंत अजून सरकते आहे.

आणि हे सगळे आषाढात बघायचे. दिवाळीनंतर घर बघायला जाणाऱ्याला कोरडे, हसरे घर दिसते. मुसळधार पावसात एकदा जा. पन्हळीचे पाणी कुठे पडते, चौकातला मोरीचा दगड पाणी ओढतो का, नदीची पूररेषा दारापासून किती लांब आहे, हे तेव्हाच कळते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले, त्यानंतर नदीकाठच्या गावात हा प्रश्न न विचारता घर घेणे बरे नाही. शेजारही तेव्हाच बघा. शेजारचा वाडा पाडायला काढला असेल, तर तुमच्या सामाईक भिंतीचा आधार जाणार. जेसीबीने एका दिवसात शेजार मोकळा होतो आणि तुमची उघडी पडलेली मातीची भिंत पुढच्या पावसात उभी राहील याची खात्री कोणी देत नाही.

कोकणात हिशेब निराळा आहे. तिथे घराची भिंत जांभ्याच्या चिऱ्याची, छप्पर मंगळुरी कौलांचे; शाकारणी वेळेवर झाली तर दुरुस्ती घाटावरच्या वाड्यापेक्षा सोपी आणि स्वस्त. अडचण जमिनीची. घाटावर घर गावठाणात असते, कोकणात वाड्या विखुरलेल्या, त्यामुळे घर पुष्कळदा सातबाऱ्याच्या शेतजमिनीत उभे असते. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला ती जमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. घर हवे आहे आणि शेतकरी दाखला नाही, अशी किती तरी माणसे इथूनच परत फिरतात. बनावट दाखला काढून देणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका, असा व्यवहार रद्द होतो. गोव्यात वारसांबरोबर त्यांच्या नवरा-बायकोचीही संमती लागते, कारण तिथल्या नागरी कायद्यात लग्नानंतर मिळकत सहसा दोघांची होते, आणि वाटणी इन्व्हेंटरीच्या प्रक्रियेतून झाली आहे का हे बघावे लागते. अंगणाच्या कोपऱ्यातले मुंडकाराचे, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जागेत राहणाऱ्याचे, घरही १९७५ च्या मुंडकार कायद्याने संरक्षित आहे.

पैशाचे बोलू. चाळीस लाखांना घर ठरले असे धरा. सहा टक्क्यांनी मुद्रांक शुल्क २ लाख ४० हजार, नोंदणी फी ३० हजार. खरेदी फक्त बाईच्या नावे असेल, तर राहत्या घरावर एक टक्का सवलत आहे, म्हणजे ४० हजार वाचतात. शुल्क ठरलेल्या किमतीवर किंवा सरकारी बाजारमूल्यावर, जे जास्त असेल त्यावर. इथवर ठीक. पुढे बँक. जुन्या घराला मंजूर नकाशा नसतो, पूर्णत्वाचा दाखला नसतो, कारण ते बांधले तेव्हा ही पद्धतच नव्हती. बहुतेक बँका इमारतीचे उरलेले आयुष्य विचारतात आणि अभियंत्याचा दाखला मागतात. कर्ज मिळाले तर जागेच्या किमतीकडे बघून, आणि कमी. दुरुस्तीचा पैसा जवळजवळ सगळा स्वतःचा घालावा लागतो.

म्हणून माझा हिशेब असा आहे, की खरेदीच्या निम्मी रक्कम हातात वेगळी नसेल, तर ते घर तुम्हाला परवडत नाही, किंमत कितीही कमी असो. त्या रकमेतून आधी छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग कुजलेली लाकडे, मग वीज. स्वयंपाकघर आणि रंग सर्वांत शेवटी. घाई करणारा नेमका उलट क्रमाने जातो. चुन्याचे काम जाणणारा गवंडी आणि जुना सांधा समजणारा सुतार आज दर गावात मिळत नाही. तो मिळेपर्यंत ताडपत्री टाकून थांबावे, पण सिमेंट ओतू नये.

कोणते घर घ्यावे? लहान घ्यावे. सात-आठ खणांचे, एकाच चौकाचे, साध्या खांबांचे. कोरीव महिरपी, तीन चौक आणि दोन मजले यांचा सांभाळ एका पगाराच्या किंवा पेन्शनीच्या आवाक्याबाहेर आहे. गळके छप्पर पण कोरडे खांब असलेले घर घ्यावे. रंगवलेले पण सिमेंटने झाकलेले टाळावे. पत्रिकेवर चार नावे असतील आणि चौघे एका दिवशी निबंधकाकडे यायला तयार असतील, तर किंमत थोडी जास्त द्या. निम्म्या किमतीत वीस वारसांचा वाडा मिळत असेल, तर तो सोडा.

शेवटची विनंती विकत घेणाऱ्यांना नाही, ज्यांच्या आजोळी-आजोबांच्या गावी असे घर कुलूप लावून उभे आहे त्यांना आहे. ते विकायचे नसले तरीही वारसनोंद करून घ्या. जे वारले त्यांचे मृत्यूचे दाखले, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि एक अर्ज एवढ्यावर नगर भूमापन कार्यालयात काम सुरू होते. घरातल्या ज्या एक-दोन माणसांना सगळी नातीगोती आणि नावे तोंडपाठ आहेत, ती आज हयात आहेत. भाऊबिजेला सगळी भावंडे, बहिणींसकट, एका ठिकाणी जमतील, तेव्हा त्यांच्याकडून वंशावळ लिहून घ्या.